बोटांचा हिशेब

मेलेला माणूस देहासकट पुन्हा उठेल, असे ख्रिस्ती बांधव म्हणतात तेव्हा आमच्यातले पुष्कळ जण 'तो त्यांचा प्रश्न' म्हणून बाजूला होतात. खरे तर तो आमचाही प्रश्न आहे. कयामत, हिशेबाचा दिवस आणि कबरींतून उठणे या गोष्टी आम्ही लहानपणापासून मानत आलो. फरक आहे तो हजरत ईसांविषयी. ते सुळावर मेले आणि तिसऱ्या दिवशी उठले, हा ख्रिस्ती श्रद्धेचा पाया. कुराण म्हणते की त्यांना सुळी दिले गेलेच नाही, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. हा फरक मोठा आहे आणि गोड बोलून तो बुजवण्यात अर्थ नाही. आमच्या दृष्टीने सगळ्यांचे उठणे एकाच दिवशी, पुढे व्हायचे आहे. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने त्याची सुरुवात एका देहापासून आधीच झाली आहे.

पण उठणार काय? आत्मा की देह? ख्रिस्ती श्रद्धासूत्रात 'देहाचे पुनरुत्थान' असे स्पष्ट शब्द आहेत. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पेरलेल्या बियाचा दाखला आहे. पेरतो ते एक, उगवते ते वेगळे, पण नाते तुटत नाही. म्हणजे देह जुनाच, पण जसाच्या तसा नव्हे. आत्मा अमर आहे एवढेच म्हणून मोकळे होणे सोपे होते. ख्रिस्ती धर्माने ती सोपी वाट घेतली नाही, आणि आम्हीही घेतलेली नाही.

ज्या मुलुखात आम्ही राहतो तिथे मृत्यूची गोष्ट देहाला सोडून कधी झालेलीच नाही. आळंदीला ज्ञानोबांची १२९६ची संजीवन समाधी, चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींची. देहूहून तुकोबा १६५० साली सदेह वैकुंठाला गेले अशी वारकऱ्यांची श्रद्धा. या तीन गावांच्या मधल्या माळरानांवर आणि शेतांवर पुढे कारखाने आले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, मग टेल्को, बजाज, आणि शेवटी चाकणपर्यंत पसरलेली वाहनांच्या सुट्या भागांची शेकडो युनिटे. त्यांच्या मागोमाग माणसे आली. केरळचे मल्याळी ख्रिस्ती आले, तमिळ आले, नगर-जालन्याकडचे मराठी ख्रिस्ती आले, मराठवाड्यातले आणि उत्तरेतले आमचे लोक आले. इथल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणून ईस्टरचा रविवार कित्येकांना पाळीचाच दिवस पडतो, आणि आमचा जुम्माही जेवणाच्या सुट्टीत उरकावा लागतो. पहाटे प्रभू उठल्याचे गाणे म्हणायचे आणि सातच्या पाळीला मशीनवर उभे राहायचे, असा त्यांचा सण.

या पट्ट्यात देह म्हणजे काय, हे पॉवर प्रेसवर काम करणाऱ्याला विचारावे. पत्रा हाताने डायखाली सरकवायचा, पायाने पेडल मारायचे, हात मागे घ्यायचा, पुन्हा पत्रा. आकडा गाठायचा म्हणून गार्ड काढून ठेवलेला असतो, सेन्सर बंद असतो, माणूस ठेक्यावरचा नवखा असतो. एका क्षणाचा उशीर झाला की बोट जाते. कायद्याने या बोटांची मोजदाद फार पूर्वीच करून ठेवली. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के घटली असे धरले होते. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधले बोट १२, करंगळी किंवा अनामिका ७. हाड न जाता करंगळीचे नुसते टोक उडाले तर २. आम्ही या तक्त्याची थट्टा करत नाही. तो नसता तर तेवढेही मिळाले नसते. पण त्यात बोट म्हणजे फक्त कमाई. त्या बोटाने कोणी पोराच्या डोळ्यांत सुरमा घालत होते, याला तिथे रकाना नाही.

आता सूरह कियामह आठवावी. हाडे गोळा होणार नाहीत असे समजणाऱ्या माणसाला तिथे जे उत्तर मिळते, त्यात बोटांच्या टोकांचा उल्लेख आहे, तीही पुन्हा नीट जुळवता येतील असा. सगळ्या देहातून नेमकी बोटांची टोके! आमचे वाज करणारे हल्ली यावरून लगेच ठशांच्या विज्ञानाकडे वळतात आणि कुराणाला प्रमाणपत्र मिळाल्यासारखे खूश होतात. आम्हाला ते उथळ वाटते. ज्याचे टोक २ टक्क्यांत निकालात निघाले त्याला त्या आयतीत काय ऐकू येत असेल, हे आधी पाहावे.

ख्रिस्ती ग्रंथ मात्र इथे आम्हाला अडवतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात उठलेला येशू शिष्यांसमोर येतो, तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. मृत्यूवर मात झाली, जखम मात्र पुसली नाही. ती पाहिल्याशिवाय मी मानणार नाही, असे थोमा म्हणाला होता. केरळचे जुने ख्रिस्ती स्वतःला याच थोमाचे वारस मानतात, आणि त्यांच्यातले अनेक जण आज निगडी-आकुर्डीत घर करून आहेत. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने 'सिटी ऑफ गॉड'च्या शेवटच्या, म्हणजे बाविसाव्या भागात हाच प्रश्न घेतला. हुतात्म्यांचे तोडलेले अवयव त्यांना परत मिळतील, पण घावांच्या खुणा कदाचित राहतील आणि त्या कुरूप न वाटता मानाच्या वाटतील, असा त्याचा कौल.

बोट परत, आणि व्रणही शिल्लक. हे दोन्ही एकत्र कशाला हवे?

परलोकाच्या आशेवर आक्षेप आहे तो असा, की ती गरिबाला गप्प बसवते. वर भरपाई मिळेल, इथे सोसून घे. आक्षेप खोटा नाही. आमच्या मौलवींनी आणि त्यांच्या पाद्र्यांनी पुष्कळदा हेच केले आहे. पण सोसून घे म्हणणाऱ्याला जखमा पुसलेला, गुळगुळीत देह हवा असतो. सगळे भरून आले, आता तक्रार कसली? व्रण राहिला तर तसे म्हणता येत नाही. यासीन सूरेत त्या दिवशी हातांनी बोलण्याची, पायांनी साक्ष देण्याची गोष्ट येते. आजवर आम्ही ती माणसाच्या स्वतःच्या पापांविषयी वाचली, आणि अर्थ तोच आहे. पण प्रेसखाली गेलेला हात बोलू लागला तर तो स्वतःच्या मालकाच्या पापांवर थांबेल असे आम्हाला वाटत नाही. गार्ड कोणी काढला, सेन्सर कोणी बंद केला, दिवसाचा आकडा कोणी ठरवला, हे त्याला माहीत आहे. गाडी आणखी थोडी स्वस्त हवी म्हणून शोरूममध्ये घासाघीस करणारे कोण होते, हे विचारले तर मात्र आम्हालाही मान खाली घालावी लागेल.