घरी कोणी थांबायचे?



‘एकदा कोरोना होऊन गेला, आता परत कसला होतोय?’ असे आपण अजूनही म्हणतो. परंतु आजारातून किंवा लसीतून मिळालेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांत ओसरू लागते आणि विषाणूही रूप बदलत राहतो. २०२१च्या अखेरीस ओमायक्रॉन आला तेव्हा आधी आजारी पडून गेलेल्या असंख्य लोकांना पुन्हा लागण झाली.

तरुणांना पुन्हा झालेला कोरोना बहुधा सर्दी-खोकल्यासारखा निघून जातो. सत्तरी ओलांडलेल्यांचे तसे नसते. वयाबरोबर शरीराची झुंजण्याची ताकद कमी होते. त्यात मधुमेह, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असेल तर दुसरी-तिसरी लागणही इस्पितळात नेऊ शकते. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण धोका संपलेला नाही, असेही बजावले.

मग करायचे काय? आपले उत्तर ठरलेले असते: ‘आजी, तुम्ही घरीच बसा. मिस्सा टीव्हीवर बघा.’ त्यामागे माया असते, तशी आपली सोयही असते. आपण खोकत लग्नाला जायचे, वाढदिवसाला जायचे, आणि त्याची किंमत आजीने एकटेपणात मोजायची, हा न्याय झाला का? ज्याच्यामुळे अपाय होऊ शकतो, खबरदारीचा भार प्रथम त्याने उचलावा. आजीला धोका नीट समजावून सांगावा. बाहेर पडायचे की नाही, हे तिने ठरवावे.

आजारी माणसाला रविवारच्या मिस्साचे बंधन नाही. ताप-खोकला असताना घरी राहिलो तर पाप लागत नाही. ज्याचे हातावर पोट आहे, त्याला मात्र सुट्टी परवडत नाही. त्याने निदान मास्क लावावा, घरात म्हाताऱ्या माणसांपासून थोडे अंतर ठेवावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. वडीलधाऱ्यांना ताप आला तर ‘साधी सर्दी असेल’ म्हणून वाट पाहू नये; लगेच डॉक्टरांकडे न्यावे. लसीच्या पुढील डोसबद्दलही त्यांनाच विचारावे.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांसाठी ठरवून दिला. त्या दिवशी फूल देऊन सत्कार करणे सोपे आहे. आईवडिलांचा मान राखण्याची चौथी आज्ञा त्याहून अधिक मागते. आपल्याला खोकला असेल त्या रविवारी आपण घरी थांबलो, तर पुढच्या बाकावरची आजी निर्धास्तपणे मिस्साला येऊ शकेल.