वैशाखातली विहीर

घणसोलीत भाड्याने राहणारं एक जोडपं होतं. तो फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून, ती बेलापूरच्या एका इस्पितळात नर्स. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा, मालक भाडं वाढवायचा आणि दोघं पुन्हा हिशेब मांडून बसायची. अखेर २०२४च्या डिसेंबरात त्यांनी ठरवलं, आता पैसे जाणारच आहेत तर ते स्वतःच्या घराच्या हप्त्यात जाऊ देत. वाशी, नेरूळ खिशाला परवडणारं नव्हतं. ज्याला विचारावं तो एकच नाव सांगे, उलवे.

एका रविवारी सकाळी दोघं घरं पाहायला निघाली. सोबत साडूही आला. त्यालाही पैसे गुंतवायचेच होते. एजंटने गाडीतून फिरवता फिरवता पाढा वाचला. "अटल सेतू जानेवारीत सुरू झाला, शिवडी आता हाकेच्या अंतरावर. त्याच दिवशी लोकल उरणपर्यंत गेली. नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर ऑक्टोबरात हवाईदलाचं विमान उतरलंसुद्धा. आज घ्याल तर हा दर. उद्या विमानं उडायला लागली की मला फोन करू नका!"

थंडीतलं कोवळं ऊन, रुंद रस्ते, रविवारची शांतता. बघावं ते छानच दिसत होतं. त्यांनी दोन घरं पाहिली. एक नव्या टॉवरमध्ये होतं. तिथे काचेची लॉबी, जिम आणि गणवेशातला रखवालदार. दुसरं सात मजली जुन्या इमारतीत होतं, तिथल्या जिन्याचा रंग उडालेला. साडूने टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर तिथल्या तिथे टोकन दिलं. वर म्हणाला, "एवढा विचार करत बसलात तर जन्मभर भाड्यानेच राहाल."

कारकुनानेही चेकबुक काढलं होतं. बायको म्हणाली, "आधी चहा घेऊ."

टपरीवर एक म्हातारेबाबा बसले होते. विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यांतल्या एका गावचे. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के योजनेत त्यांना भूखंड मिळाला होता, त्यावर घरही उभं राहिलं होतं. पण गावातल्या भिंतीला भिंत लागून राहणारी घरं पांगली. कुणी पुष्पकनगरला गेलं, कुणी वडघरला. ही दोघं घर शोधतायत हे कळल्यावर ते म्हणाले, "आमाला कुटं रावाचा ते निवडाला नाय मिलला. तुमाला मिलतं, तं नीट निवडा."

"नीट म्हणजे कसं, बाबा?" तिने विचारलं.

"पोरगी द्याची तं आमचे म्हातारे पयले घर नाय बगाचे, विहीर बगाचे. तीबी वैशाखान. श्रावणान सगल्याच विहिरी भरलेल्या." चहाचा ग्लास खाली ठेवत त्यांनी पुढे जोडलं, "आनि एकदा रातचे या. दिवे मोजा."

नवरा हसला. बायको हसली नाही. तिने त्याला चेकबुक खिशात ठेवायला लावलं.

मे महिन्यात, सुट्टीच्या एका भर दुपारी ती एकटीच पुन्हा आली. उलव्याला पाणी येतं ते पेणच्या हेटवणे धरणातून. इमारती वाढत गेल्या, पाणी तेवढं वाढलं नाही. टॉवरच्या फाटकात दोन टँकर उभे होते. दिवसाला किती लागतात, हे तिने रखवालदाराला विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. ऑफिसला कुलूप होतं आणि मॅनेजरचा फोन कुणी उचलत नव्हतं.

जुन्या इमारतीत शिरताच मीटरच्या खोलीबाहेर खिळ्याला टांगलेली एक वही दिसली. वहीला सुतळीने बॉलपेन बांधलेलं. पानावर हाताने आखलेले रकाने होते. तारीख, वेळ, टँकरचा नंबर, टाकी किती भरली आणि सही. सह्या वेगवेगळ्या होत्या, कारण पाळी लावलेली होती. पान पाण्याच्या थेंबांनी फुगलं होतं, पण एकही दिवस कोरा नव्हता. एवढ्यात सेक्रेटरी जिना उतरून आले. तिने काही विचारायच्या आतच त्यांनी उणी बाजू सांगून टाकली. "नळाला सकाळी तासभर पाणी. मे महिन्यात आठवड्याला तीन टँकर, खर्च सगळ्यांत वाटून. पावसात मागच्या गल्लीत घोट्याएवढं पाणी साचतं. लिफ्ट जुनी आहे, कुरकुरते." मग आत जाऊन त्यांनी ओसीची, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राची, झेरॉक्स आणून दिली.

जुलैत दोघांनी कॅलेंडर पाहून उधाणाच्या भरतीचा दिवस धरला. खाडीकाठच्या जमिनीचं एक आहे, ऐन भरतीला पाऊस कोसळला की गटारातलं पाणी खाडी आत घेत नाही. जुन्या इमारतीमागे पाणी साचलं होतं, सेक्रेटरी म्हणाले होते तेवढंच, घोट्यापर्यंत. टॉवरच्या तळघरातल्या पार्किंगमध्येही पाणी होतं. उपसायला पंप होता, पण त्याची किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग एकदा ती दुसरी पाळी संपवून रात्रीच्या लोकलने बामणडोंगरीला उतरली. नवरा स्टेशनावर घ्यायला आला होता. रिक्षा मिळायला वेळ लागला, तोही तिने मनात नोंदवला. टॉवरसमोर उभं राहून तिने दिवे मोजले. रस्त्याकडच्या छप्पन्न घरांपैकी नऊ घरांत उजेड होता. जुन्या इमारतीतल्या अठ्ठावीस घरांपैकी तेवीस. कुलूपबंद घरांचे मालक ठाण्यात, पुण्यात, दुबईत. ते भाव चढायची वाट पाहत होते. मेंटेनन्स थकलेला आणि सभेला माणसं जमत नसल्यामुळे पंपाचा ठराव अडकलेला. अकराव्या मजल्यावरची एक काळोखी खिडकी साडूची होती.

ऑगस्टमध्ये त्यांनी जुन्या इमारतीत घर घेतलं. डिसेंबरपेक्षा तीन लाख जास्त मोजावे लागले. नवरा आठवडाभर धुसफुसत होता.

२५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. त्यांचा आवाज दोन्ही इमारतींना सारखाच ऐकू येई. साडूचा फोन आला. "बघा, भाव कुठे गेला! सांगितलं होतं ना?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. व्यवहार त्याने चोख केला होता.

पुढे साडूच्या मुलीला नेरूळच्या कॉलेजात नोकरी लागली, म्हणून तो बिऱ्हाड घेऊन टॉवरमध्ये राहायला आला. आठवड्यातच त्याने मेव्हणीला फोन केला. आवाजातला तोरा गेला होता. "तुमच्याकडे पाण्याचं कोण बघतं गं? आमच्याकडे विचारायचं कुणाला, तेच कळत नाही. रात्री मजल्यावर आम्ही एकटेच. लिफ्ट बंद पडली तर बोंब मारायची कुणाच्या नावाने?"

"भाऊजी, एक वही आणा, खिळा ठोका आणि बंद घरांच्या मालकांना एकेक फोन लावा," ती म्हणाली.

"ते फोन उचलतील होय?"

"तुम्ही इतके दिवस कुठे उचलत होतात?"

साडू गप्प झाला. मग ओशाळं हसत म्हणाला, "वहीचे रकाने कसे आखलेत, तेवढा फोटो पाठव."

तात्पर्य : भाव बघायचा असेल तर नकाशा पुरे. राहायला जायचं असेल तर वस्ती तिच्या सगळ्यात अडचणीच्या दिवशी जाऊन पाहावी आणि त्या दिवशी जबाबदारी कोण घेतं ते शोधावं. अडचण कुठेच चुकत नाही. ती निस्तरणारी माणसं मात्र सगळीकडे नसतात. आणि घर घेऊन त्याला कुलूप लावणाऱ्याने शेजार चांगला नाही म्हणून कुरकुर करू नये, कारण त्या उजाड शेजारात त्याचाही वाटा असतो.