संशयाची भीती, पुराव्याची भीती

विल्यम पीटर ब्लॅटी यांची 'द एक्झॉर्सिस्ट' ही कादंबरी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि विल्यम फ्रीडकिन यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा चित्रपट १९७३ च्या डिसेंबरात पडद्यावर आला. या जोडीबद्दल बोलणे निघाले की एक प्रश्न हमखास येतो. चित्रपट आजही भीती घालतो का, आणि पुस्तकापेक्षा जास्त घालतो की कमी? त्याची ठरलेली उत्तरे दोन. एक गट म्हणतो, पुस्तक केव्हाही जास्त भयंकर, कारण न दिसणाऱ्याची भीती दिसणाऱ्यापेक्षा मोठी असते. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की चित्रपट त्या काळी भयंकर असेलही, पण आता त्याचा रंगलेपन आणि तारांचा खेळ उघडा पडला आहे. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण पुस्तक आणि चित्रपट एकच भीती कमीअधिक प्रमाणात देतात असे ती गृहीत धरतात. कथा एकच असली तरी या दोन कृतींतली भीती वेगवेगळ्या जातीची आहे. कादंबरीतली भीती निर्णय होत नसल्याची आहे. चित्रपटातली भीती निर्णय होऊनही हातात काही उरत नसल्याची आहे. यातली कोणती टिकली आणि कोणती विरली हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

न दिसणाऱ्याची भीती मोठी हा विचार भयकथेच्या उगमाइतकाच जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गाजलेल्या इंग्रज कादंबरीकार ॲन रॅडक्लिफ यांचा एक निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १८२६ मध्ये, छापला गेला. त्यात त्यांनी दोन अनुभव वेगळे केले. एका भीतीने मन ताणले जाते, जागे होते. दुसरीने ते आक्रसते, गोठते. पहिली अस्पष्टतेतून येते, दुसरी भीषण गोष्ट समोर उभी राहिल्याने. रॅडक्लिफ यांचा कौल अर्थातच पहिलीला होता. पुढे १८९८ मध्ये हेन्री जेम्स यांनी 'द टर्न ऑफ द स्क्रू' लिहून हा विचार टोकाला नेला. त्यातल्या शिक्षिकेला दिसणारी भुते खरी की तिच्या मनाची, हे वाचकाला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. हा विचार चित्रपटात यायला फार वेळ लागला नाही. 'कॅट पीपल' (१९४२) मध्ये जलतरण तलावात एकटी अडकलेली स्त्री, भिंतींवर हलणाऱ्या सावल्या आणि एक गुरगुर, एवढ्यावर अख्खा प्रसंग उभा आहे. रॉबर्ट वाइज यांच्या 'द हाँटिंग' (१९६३) मध्ये तर भूत एकदाही दिसत नाही, फक्त दारावर धडका ऐकू येतात. १९७० मध्ये समीक्षक त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी या साऱ्याला सिद्धांताचे रूप दिले. घडते आहे ते निसर्गनियमांत बसणारे की त्यांच्यापलीकडचे, या दोलायमानतेत वाचक जितका वेळ राहतो तितकाच वेळ अद्भुताचा अनुभव टिकतो, असे त्यांनी मांडले. ब्लॅटींची कादंबरी आली ती याच्या दुसऱ्याच वर्षी.

ब्लॅटी श्रद्धावान कॅथलिक होते. १९४९ मध्ये जॉर्जटाऊन विद्यापीठात शिकत असताना त्यांनी मेरीलँडमधल्या एका मुलावर झालेल्या भूतबाधा-निवारणाच्या विधीची बातमी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये वाचली होती. सैतान असेल तर देवही असलाच पाहिजे, हा तर्क त्यांना कादंबरीतून उभा करायचा होता. म्हणजे लेखकाच्या मनात निर्णय आधीच झालेला होता. तरीही त्यांनी पुस्तक रचले ते खटल्यासारखे, आणि पुस्तकाचे सारे सामर्थ्य या रचनेत आहे. रीगन या लहान मुलीची तपासणी करणारा फादर कॅरस हा जेझुइट धर्मगुरू आहेच, शिवाय मानसोपचारतज्ज्ञही आहे, आणि त्याची स्वतःची श्रद्धा डळमळलेली आहे. बाधेची जी लक्षणे १६१४ च्या रोमन विधिग्रंथात सांगितली आहेत, त्यांतल्या प्रत्येकाला तो दुसरे स्पष्टीकरण शोधतो. मुलगी न शिकलेल्या भाषेत बोलते? कदाचित समोरच्याच्या मनातले तिला कळत असेल. फितीवर मुद्रित झालेली अगम्य भाषा? ती उलटी बोललेली इंग्रजी निघते. पवित्र पाण्याने ती तळमळते? पण कॅरसने शिंपडलेले पाणी साध्या नळाचे होते. घरात सापडलेल्या चेटूकविद्येवरच्या पुस्तकात बाधेच्या लक्षणांचे प्रकरण आहे. मग हे सारे तिने वाचून तर उचलले नसेल? पानोपानी वाचक कॅरससोबत पुरावा तोलतो. एक पारडे जड झाले की पुढच्या प्रकरणात दुसरे. भीती वाढते ती या तोलण्यामुळेच, कारण चुकीचा निर्णय कोणत्याही बाजूने घेतला तरी बळी एका लहान मुलीचाच जाणार असतो.

शेवटी अमानुष शक्तीकडे पारडे झुकते हे खरे, पलंग पुस्तकातही उचलला जातो. तरी सर्वांत निर्णायक क्षणी ब्लॅटी आपल्याला त्या खोलीत नेत नाहीत. कॅरसचा शेवट आपल्याला कळतो तो खालच्या मजल्यावर असलेल्या घरातल्या दोन स्त्रियांच्या कानांतून. वरून त्याचा आवाज येतो, मग काच फुटते. आत काय झाले हे वाचकाने जुळवायचे. फ्रीडकिननी हाच क्षण कॅमेऱ्यासमोर घडवला. कॅरस त्या शक्तीला स्वतःत ओढून घेतो, त्याचा चेहरा पालटतो, क्षणभर तो पुन्हा स्वतः होतो आणि खिडकीतून झेप घेतो. पटकथा ब्लॅटींचीच होती, तिला ऑस्करही मिळाले, पण लेखक तोच असूनही इथे कथेचा पायाच बदलला. कॅमेऱ्याने डोके पूर्ण फिरलेले दाखवले की प्रेक्षकाने तोलायचे काही उरत नाही. तोदोरोव्ह म्हणतात ती दोलायमानता चित्रपटात जवळजवळ अर्ध्यावरच संपते. सिद्धांताप्रमाणे भीतीही तिथेच संपायला हवी होती. ती संपत नाही, आणि रॅडक्लिफपासून चालत आलेला विचार इथे अडखळतो.

कारण चित्रपटाने आपली नजर बदललेली असते. कादंबरीत आपण कॅरसच्या डोक्यात असतो. चित्रपटात बराच काळ आपण ख्रिस मॅकनील या आईच्या शेजारी उभे असतो. एलन बर्स्टिन यांनी ही आई अशी उभी केली आहे की सैतान आहे की नाही हा प्रश्न मागे पडतो आणि माझ्या मुलीला काय झाले आहे हा प्रश्न पुढे येतो. चित्रपटातला आजही सर्वांत असह्य प्रसंग माझ्या मते सैतानाचा नाहीच, तो रुग्णालयातला आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीसाठी रीगनच्या मानेत सुई खुपसली जाते, रक्ताची चिळकांडी उडते, यंत्रे खडखडत फिरतात आणि मुलगी निमूट पडून असते. इथे जादू नाही, तारा नाहीत, चेहऱ्याला लेप नाही. चांगल्या हेतूने, शास्त्रशुद्ध रीतीने केलेली तपासणी, आणि तिच्या शेवटी डॉक्टरांचे उत्तर की काहीच सापडले नाही. पुढे तेच डॉक्टर धर्मविधी सुचवतात, तेही श्रद्धेने नव्हे तर सूचनोपचार म्हणून. ज्या आईला कुठल्याच देवावर विश्वास नाही तिला विज्ञानानेच चर्चच्या दारात आणून सोडलेले असते. ही भीती विसाव्या शतकातल्या अमेरिकेपुरती नाही. निदान न झालेल्या आजारासमोर बसलेल्या कोणत्याही घरातली ती आहे.

दुसरी टिकलेली गोष्ट आवाज. चित्रपटाला मिळालेल्या दोन ऑस्करांपैकी दुसरे ध्वनीसाठी होते. रीगन झालेल्या लिंडा ब्लेअर यांच्या ओठांवर मर्सिडीज मॅककॅम्ब्रिज यांचा घोगरा, घुसमटलेला आवाज बसवला गेला. मान वळण्याचा कडकडाट जुने चामडी पाकीट मायक्रोफोनजवळ पिळून मिळवला होता. लालो शिफ्रिन यांनी तयार केलेले पार्श्वसंगीत फ्रीडकिननी नाकारले आणि लांबलांब प्रसंग संगीताविना ठेवले, त्यामुळे माळ्यावरची साधी खुडबुडही प्रेक्षकाला एकट्याने ऐकावी लागते. रीगनची खोली इतकी थंड केली होती की नटांच्या तोंडून निघणारी वाफ खरी आहे. डिक स्मिथ यांचा रंगलेप आज ओळखू येतो, हिरवी उलटी तर नकलांनी पार निकामी केली. पण आवाज आणि थंडी यांची नक्कल तितकी सोपी नव्हती, म्हणून त्यांची धार गेली नाही. तेव्हा न दिसणाऱ्याची भीती मोठी हा जुना विचार पूर्ण खोटा ठरत नाही; फक्त चित्रपटाने ते अदृश्य सावलीतून काढून कानात आणि रुग्णालयाच्या अहवालात नेऊन ठेवले.

यावर एक आक्षेप येतो. आजचे तरुण प्रेक्षक या चित्रपटाला हसतात, मग भीती टिकली असे कशावरून? हसू येते ते बहुतेक डोके फिरण्याच्या किंवा शिव्यांच्या जागी, म्हणजे जिथे चित्रपट पुरावा देतो तिथे. तपासणीच्या प्रसंगात हसणे अवघड आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ज्याची कॅथलिक श्रद्धा नाही त्याला हा सैतान घाबरवेलच कसा? आपल्याकडचे उत्तर १९८० च्या 'गहराई' या हिंदी चित्रपटात मिळते. विकास देसाई आणि अरुणा राजे यांच्या या चित्रपटाच्या लेखनात विजय तेंडुलकर होते, बाप झाले होते डॉ. श्रीराम लागू आणि बाधित मुलगी पद्मिनी कोल्हापुरे. तिथे ना लॅटिन प्रार्थना ना क्रूस. आहे ती गावाकडची विकलेली जमीन आणि विवेकाने वागू पाहणारा, पण हळूहळू मांत्रिकांपुढे हतबल होत जाणारा बाप. धर्म बदलला तरी सांगाडा टिकला, कारण तो सैतानावर उभा नव्हता, आईबापांच्या हतबलतेवर होता.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. अशा कलाकृतीला थोर म्हणणे म्हणजे भूत उतरवण्याच्या क्रूर प्रथांना बळ देणे नव्हे का? १९७६ मध्ये जर्मनीत ॲनेलीज मिशेल ही तरुणी महिनोन्‌महिने चाललेल्या अशा विधींनंतर कुपोषणाने मरण पावली. तिच्या आईवडिलांना आणि दोन धर्मगुरूंना न्यायालयाने दोषी ठरवले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट नोंदवावा लागला, तो उगाच नव्हे. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. पण तो कादंबरीला आणि चित्रपटाला सारखा लागत नाही. कॅरस शेकडो पाने नकाराची बाजू लढवतो, आणि त्याच्याइतका कसून संशय घेणारा कुणी ॲनेलीजच्या खोलीत असता तर ती कदाचित वाचली असती. चित्रपटाने ही लढाई मोजक्या प्रसंगांत आटोपली, म्हणून त्याच्यावरचा आक्षेप जास्त खरा आहे. संशय कापताना फ्रीडकिन यांनी केवळ भीतीची एक जात गमावली नाही, एक संरक्षक भिंतही पाडली.

ब्लॅटींना स्वतःला काहीतरी हरवल्याचे जाणवले होते. विधीच्या मध्ये जिन्यावर बसून विधी चालवणारे वृद्ध धर्मगुरू फादर मेरिन आणि कॅरस बोलतात, हा छळ कशासाठी याबद्दल, तो संवाद मूळ चित्रपटातून गाळला होता. ब्लॅटींच्या आग्रहाने तो २००० च्या आवृत्तीत परत आला. त्याच आवृत्तीत रीगन उलटी होऊन जिना उतरते तो प्रसंगही आला आणि संगणकाने घातलेले चेहरेही. संवादाने चित्रपटाला अर्थ दिला. बाकीच्या भरीने फक्त पुरावे वाढले आणि भीती थोडी उतरली. पहिल्यांदाच पाहणाऱ्याने म्हणूनच १९७३ ची आवृत्ती निवडावी. आणि त्याही आधी कादंबरी वाचावी, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आज बहुतेक जण चित्रपट पाहून मग पुस्तकाकडे वळतात आणि ते सपक वाटले असे सांगतात. पण तोपर्यंत निकाल त्यांना माहीत झालेला असतो, मॅककॅम्ब्रिज यांचा आवाज पानांवर आधीच घुमू लागलेला असतो, आणि कॅरस एकेक लक्षण तपासत असताना त्याच्यासोबत तोलायला त्यांच्याकडे काहीच उरलेले नसते. आधी पुस्तक वाचलेला माणूस चित्रपट पाहायला बसतो तेव्हा मात्र त्याचे काही कमी होत नाही. उलट डॉक्टर ती सुई उचलतात तेव्हा कॅरसचे सारे प्रश्न त्याच्या मनात जागे असतात.