तपासनीस आला, तपासनीस गेला

सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांतून चालतात : गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी. मराठी शाळांतली बरीचशी मुले लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांतली. आईबाप जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे, ताप्तीच्या काठाकाठाने येणाऱ्या भुसावळ-सुरत गाडीने आलेले आणि कापडाच्या धंद्यात कुठे ना कुठे लागलेले. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि वर्गात प्रमाण मराठी. तीही गांधीनगरच्या पाठ्यपुस्तक मंडळाने छापलेली. शिवाय 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा. या मुलाला किती येते हे मोजायचे, तर कोणत्या भाषेत मोजायचे ते आधी ठरवायला हवे. ते न ठरवताच परीक्षा होते.

आणि परीक्षांची गुजरातेत वाण नाही. 2009 मध्ये नरेंद्र मोदी मुख्यमंत्री असताना ‘गुणोत्सव’ सुरू झाला. मंत्री आणि सनदी अधिकारी ठरल्या दिवशी शाळेत जायचे, मुलांकडून वाचून घ्यायचे, गणिते घालायचे आणि शाळेला ए प्लस ते डी अशी श्रेणी मिळायची. मंत्र्याने दुसरीच्या मुलासमोर पुस्तक धरून बसावे ही कल्पना मला आजही आवडते. पुढे ‘एकम कसोटी’ म्हणजे घटक चाचणी आली : वरून आलेली प्रश्नपत्रिका, वेगळी वही, आणि गुणांची ऑनलाइन नोंद. अशा नोंदी जाऊन पडतात ते ठिकाण म्हणजे गांधीनगरचे विद्या समीक्षा केंद्र. तिथे वर्षाला 500 कोटींहून अधिक नोंदी गोळा होतात, असे सरकारच अभिमानाने सांगते.

यात लबाडी कोणाचीच नाही. मुले शाळेत येतात पण शिकत नाहीत, हे सरकारला कळले आणि ते मोजायला निघाले. माझा आक्षेप मोजण्याला नाही, मोजमाप कोणत्या दिशेने प्रवास करते याला आहे. चौथीतल्या मुलीला हातच्याची वजाबाकी येत नाही, ही बातमी वर्ग, समूह साधन केंद्र (सीआरसी), तालुका अशा पायऱ्या चढून गांधीनगरला पोचते. तिच्या बाईंना ती आधीच ठाऊक होती. पण गुण संगणकात भरण्यात त्यांची शनिवारची दुपार गेली, आणि सोमवारी पुढचा धडा घ्यायचा असतो.

हा रोग जुना आहे. इंग्लंडात 1862 पासून शाळेचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेला बांधले गेले. कवी मॅथ्यू अर्नल्ड स्वतः शाळा तपासनीस होता. मुले समजून न घेता नेमलेले पुस्तकच पाठ करतात, ही त्याची तक्रार होती. आपल्याकडे 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. तेव्हा सुरत मुंबई इलाख्यातच होती, म्हणजे ते तिच्याही शाळांना लागू पडते. त्यात तपासणीबद्दल एक फार व्यवहारी सूचना आहे. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा फेरी मारून काही साधत नाही. निदान तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि अधूनमधून आगाऊ न कळवताही शाळा पाहावी. ठरलेल्या दिवशी शाळा कशी दिसते आणि एरवी कशी असते, यातला फरक फुल्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भाषेचा प्रश्न मात्र तपासणीच्या वेळापत्रकाने सुटत नाही. ‘माले’, ‘तुले’ म्हणणारे मूल शाब्दिक उदाहरणात अडकले, तर ते गणितात अडकले की वाक्यात? उत्तरपत्रिकेवर दोन्हीला शून्यच पडते. घरी मात्र चित्र वेगळे असू शकते. सुरतेत घरोघरी बायका साडीला टिकल्या चिकटवतात, लेस लावतात, धागे कापतात, मजुरी नगावर. नग मोजण्यात आणि हिशेबात त्यांच्या मुलांचा हात असतो. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवर 1985 मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे. विक्री करताना त्यांचे सुमारे 98 टक्के हिशेब बरोबर आले. तीच आकडेमोड कागदावर निव्वळ अंकांत दिली तेव्हा 37 टक्के. 2025 मध्ये कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबद्दल तसेच आढळले, आणि उलटेही : शाळेत गणित जमणारी मुले बाजारातल्या हिशेबाला अडखळली. म्हणजे कागदावरचे शून्य हे अज्ञानाचे माप असेलच असे नाही, आणि पैकीच्या पैकी हेही ज्ञानाचे नाही.

मोजून लगेच उपयोग केल्याचे उदाहरण सुरतेपासून लांब नाही. 2001 नंतरच्या दोन-तीन वर्षांत ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने वडोदरा आणि मुंबईच्या पालिका शाळांत ‘बालसखी’ योजना चालवली. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी बसायची आणि वस्तीतलीच शिकलेली मुलगी त्यांना शिकवायची. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ते पडताळले. गुण वाढले, आणि मागे पडलेल्यांचे सर्वांत अधिक. पुढे ‘प्रथम’ची चाचणी आणखी सोपी झाली : अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. मुलाला पाच मिनिटे शेजारी बसवायचे, कुठे थांबते ते पाहायचे आणि इयत्ता विसरून त्या पायरीच्या गटात घालायचे. हीच चाचणी वापरून ‘असर’ हा शिक्षणाच्या स्थितीचा अहवाल निघतो. तो ग्रामीण भागाचा असतो. म्हणजे शिरपूरच्या खेड्यातले मूल त्यात सापडू शकते, आणि तेच लिंबायतला आले की त्यातून गळते.

शिक्षकांवर सोडले तर ते सगळ्यांनाच वरची श्रेणी देतील, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. मुलाचे निरीक्षण करून वर्णनात्मक नोंद लिहायची, अशी सुंदर कल्पना. लवकरच तयार नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या आणि राज्यभरची मुले एकाच वाक्यात ‘उपक्रमांत उत्साहाने सहभागी’ होऊ लागली. पण ही फसवणूकसुद्धा नोंद वर पाठवायची असते म्हणूनच होते. स्वतःच्याच कामासाठी वहीत केलेली खूण कोण खोटी करील?

राज्याला राज्याचे चित्र हवेच. त्यासाठी प्रत्येक मुलाचा प्रत्येक गुण लागत नाही. डिसेंबर 2024 चे ‘परख’ हे राष्ट्रीय सर्वेक्षण निवडक शाळांतल्या तिसरी, सहावी, नववीच्या मुलांवरच झाले. तेवढे पुरते. उरलेल्या वर्गांच्या नोंदी वर्गातच राहू द्याव्यात, आणि सीआरसीच्या समन्वयकाने महिन्यातून एखाद्या मंगळवारी न सांगता यावे, तीन मुलांशेजारी बसावे, मूल अहिराणीत बोलले तर अहिराणीत ऐकावे, बाईंशी अर्धा तास बोलावे आणि श्रेणी न देता निघून जावे.