दान नेमकं कोणाचं?



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २०.

परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देणं हे कर्तव्य आहे म्हणून दिलेलं ते सात्त्विक दान, असं भगवंत इथे सांगतात. या कसोटीवर आज एक अवघड गोष्ट पाहू.

२००० साली अमेरिकेत कोलोराडोच्या एका कुटुंबात मुलगा जन्मला. त्याच्या सहा वर्षांच्या बहिणीला फॅन्कोनी ॲनिमिया होता. या आजारात अस्थिमज्जा निकामी होत जाते. आईवडिलांनी आयव्हीएफ करून, गर्भांची जनुकीय तपासणी करून, आजार नसलेला आणि बहिणीशी एचएलए जुळणारा गर्भ निवडला. बाळाच्या नाळेतलं रक्त तिला दिलं आणि ती वाचली.

माझ्यातला इंजिनिअर आधी गणित मांडतो. आजार नसण्याची शक्यता ४ पैकी ३, जुळण्याची ४ पैकी १. दोन्ही मिळून १६ पैकी फक्त ३. म्हणजे बरेच गर्भ बाजूला ठेवले जातात. ही बोच खरी आहे, ती झाकू नये.

‘कामासाठी मूल जन्माला घालायचं?’ असं आपण पटकन म्हणतो. पण वंशाला दिवा, म्हातारपणची काठी, पहिल्याला सोबत ही कारणं आपल्याकडे घरोघरी ऐकू येतातच ना? त्यामानाने बहिणीचा जीव वाचवणं हे कारण हलकं नाही.

मला खरी अडचण दुसरीकडे दिसते. नाळेचं रक्त घेताना बाळाला दुखत नाही. पण अस्थिमज्जा लागली तर भूल देऊन हाडातून काढावी लागते. २०२० मध्ये अहमदाबादला थॅलेसेमिया असलेल्या भावासाठी साधारण दीड वर्षाच्या बहिणीची अस्थिमज्जा घेतली गेली. दान म्हणायचं तर देणाऱ्याला ‘नाही’ म्हणता यायला हवं. ते लेकरू काय बोलणार?

म्हणून मला वाटतं, हे दान बाळाचं नव्हेच. निर्णय आईवडिलांचा, जबाबदारीही त्यांचीच. उपचार फसले तरी ते बाळ तितकंच लाडकं राहणार असेल, तर मी या आईवडिलांना दोष देणार नाही. पण ‘तुझा जन्मच यासाठी झाला’ हे वाक्य त्या घरात कधी निघू नये. पुढे कधी किडनी मागायची वेळ आली, तर त्याचा नकारही तितक्याच प्रेमाने ऐकला जावा.

आज स्वतःला विचारूया: आपल्या माणसांवर आपण कोणतं न मागितलेलं ऋण लादतोय?

जय हरी!