पत्त्यांतली थाप

नाताळच्या सुटीत पुण्या-मुंबईला कामाला असलेली मंडळी राहुरी-श्रीरामपूरकडे आपापल्या गावी आली, की ओट्यावर गोधडी पसरून पत्त्यांचा डाव पडतो. मोठी माणसे मेंढीकोट खेळतात, मुले चॅलेंज. चॅलेंजमध्ये पाने पालथी टाकायची आणि बिनदिक्कत सांगायचे, "तीन राजे." हातात एकही राजा नसला तरी चालते. कोणाला संशय आला तर तो पाने उलटवतो. थाप पकडली गेली की खाली साचलेली सगळी पाने आपल्या गळ्यात. संशय खोटा ठरला तर त्याच्या.

पहिल्या कम्युनियनच्या वर्गाला जाणाऱ्या एका मुलीने अशाच डावात आम्हांला विचारले, "हे आठव्या आज्ञेविरुद्ध नाही का?" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण उत्तर काही सुचेना.

संत ऑगस्टीन यांच्या मते खोटे बोलण्यात फसवण्याचा हेतू असतो. चॅलेंजमध्ये तो हेतू नसतो असे म्हणणे म्हणजे पुन्हा थापच! हेतू असतोच. पण "तीन राजे" ही तिथे साक्ष नसते, चाल असते. माझ्यावर विश्वास ठेवा असे कोणी कोणाला म्हटलेलेच नाही; उलट, डाव मांडतानाच प्रत्येकाला संशय घेण्याचा हक्क मिळालेला असतो.

मेंढीकोटात भिडूला डोळ्याने खूण करणे मात्र वेगळे. तिथे एक शब्दही खोटा नसतो, तरी ती लबाडी. (अशी खूण करून आम्ही एकदा चारही मेंढ्या आणल्या आणि कोट केला. त्याची मजा दोन दिवससुद्धा टिकली नाही.) ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथाने पत्ते मुळात वाईट मानलेले नाहीत. घरच्यांच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला तर ते मान्य नाही, आणि खेळातली लबाडी सहसा गंभीरच धरली आहे.

हे सारे आम्ही त्या मुलीला जमेल तसे सांगितले. ती ऐकत होती, पण चेहरा उतरलेलाच. शेवटी म्हणाली, "पण बाळूला थाप मारायची असते हे माहीतच नाही. मी सांगितलंच नाही."

बाळू तिचा सहा वर्षांचा भाऊ. तो बिचारा दर वेळी खरी पाने सांगत होता आणि सगळ्यांचे खरे मानत होता. आमच्या लक्षातही आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला नियम सांगितला. पहिल्याच फेरीला तो छाती काढून म्हणाला, "पाच राण्या!"