मागील पानावरून पुढे

आमचे अण्णा बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले, पण तपासणी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. बँकेच्या पेनानं त्यांनी घरची वाण्याची यादी कधी लिहिली नाही. एकदा दूधवाल्यानं चुकून दोन रुपये जास्त परत दिले, तर रात्री साडेनऊला स्वेटर घालून ते परत करायला गेले. दूधवाला झोपेतून उठून आला तो घरात कुणी गेलं की काय अशा चेहऱ्यानं. अशा बापाच्या पोटी जन्म घेणं हे पुण्यकर्म असेलही, पण सोयीचं अजिबात नाही.

अशा या गृहस्थानं आयुष्यात एकदाच चोरून काही केलं. ते म्हणजे व्हिडिओ गेम खेळणं.

१९९३ सालची गोष्ट. मामानं मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, माझ्यासाठी व्हिडिओ गेम आणला होता. पांढऱ्या प्लास्टिकची पेटी, दोन रिमोट, आणि 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ' असं छापलेली पिवळी कॅसेट. त्यातले खरे खेळ मोजून दहा-बारा, बाकी तेच ते वेगवेगळ्या नावांनी. (निवडणुकीच्या यादीत मी हा प्रकार पुढे बराच पाहिला.) त्यात मारिओ होता. टोपीवाला, मिशीवाला, सदा धावणारा. दिवसा मी खेळायचो आणि अण्णा 'डोळे फुटतील' म्हणायचे. एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर टीव्हीचा आवाज बंद करून, बनियनवर, अण्णा खेळत बसलेले! उडी मारिओनं मारायची आणि खांदे अण्णांनी उचलायचे. मी पाणी न पिताच परतलो. सकाळी त्यांनी मला अभ्यासावरून नेहमीचं व्याख्यान दिलं आणि मी ते नेहमीच्या श्रद्धेनं ऐकलं. बापलेकांच्या नात्यात काही गोष्टी न बोलण्यावरच उभ्या असतात.

त्या खेळात आठ जगं आणि प्रत्येकात चार मुक्काम. दर चौथ्या मुक्कामाला किल्ला. किल्ल्याच्या शेवटी राजकन्या सापडायची, तर तिथे एक अळंबीसारख्या डोक्याचा सेवक उभा. तो सांगणार, बाई दुसऱ्या किल्ल्यात आहेत. सरकारी कचेरीचा अनुभव असलेल्या माणसाला हे सगळं घरच्यासारखं वाटावं. अण्णा आठव्या जगाच्या चौथ्या मुक्कामापर्यंत पोचले होते. हा शेवटचा किल्ला म्हणजे चकवा आहे. चुकीच्या नळात शिरलं की माणूस पुन्हा मागे. तिथे अण्णा अडकले, आणि मग एके दिवशी अॅडाप्टर जळला. पेटी माळ्यावर गेली, माळ्यावरून भंगारात गेली. राजकन्या किल्ल्यातच राहिली.

आता अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आई जाऊन दोन वर्षं झाली. उजव्या हाताला कंप आहे. वर्तमानपत्र संपलं की दिवसाचे बारा तास शिल्लक उरतात आणि ते कुठल्या खात्यात टाकायचे हे त्यांना समजत नाही. हे आमच्या कन्येनं हेरलं. एका रविवारी तिनं अण्णांना कॉम्प्युटरसमोर बसवलं, आणि पडद्यावर निळं आभाळ, विटा आणि तोच टोपीवाला! अण्णांनी चष्मा पुसला. म्हणाले, "हा अजून आहे?"

आता हा जिवंत कसा झाला, ते सांगायला हवं. पूर्वी आमच्या दारात बहुरूपी यायचा. पोलिसाचा वेष, पोलिसाची काठी आणि पोलिसाचंच खेकसणं. घरातले घाबरले की हसून हात पुढे करायचा. कॉम्प्युटरमध्ये असाच एक बहुरूपी असतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. तो जुन्या यंत्राचं सोंग घेतो. खेळाला वाटतं, आपण आपल्या जपानी पेटीतच आहोत. ती मूळ पेटी निंटेंडो कंपनीनं १९८३च्या जुलैत जपानात विकायला काढली. तिची कामाची स्मरणशक्ती दोन किलोबाइट, म्हणजे दोन हजार अठ्ठेचाळीस आकडे मावतील एवढी. १९८५चा तो अख्खा मारिओ चाळीस किलोबाइटांत बसलेला. आज मोबाइलवर 'शुभ सकाळ'चा गुलाब येतो तो याहून वजनदार असतो. त्या काटकसरीत कारागिरांनी झुडूप आणि ढग यांना एकच चित्र वापरलं. खाली हिरवं रंगवलं की झुडूप, वर पांढरं रंगवलं की ढग. आमची आईदेखील जुन्या साडीची गोधडी आणि उरलेल्याचं पायपुसणं करी. त्यामुळे मला या जपानी लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

अण्णांनी मात्र पहिला प्रश्न विचारला तो तपासणी खात्याचा. "हे कुणाचं? पैसे कुणाला दिले?"

कन्येनं कायद्याचा किल्ला लढवला. बहुरूपी बनवणं हा गुन्हा नव्हे; सोनी कंपनीनं १९९९ साली कनेक्टिक्स नावाच्या कंपनीवर याच कारणासाठी फिर्याद केली होती आणि २००० साली अमेरिकेच्या अपील न्यायालयानं कनेक्टिक्सच्या बाजूनं निकाल दिला. अण्णा म्हणाले, "बहुरूप्याचं ठीक आहे. त्याच्या अंगावरचे कपडे कुणाचे?" म्हणजे खेळ. खेळ कंपनीचा, आणि फुकट उतरवून घेतलेला. कन्या गप्प झाली. मी धीर करून म्हणालो, "अण्णा, तेव्हाची आपली पेटी तरी कुठे खरी होती? ती निंटेंडोची नक्कल होती, कॅसेटही नकली. आपण अस्सल असा मारिओ कधी पाहिलेलाच नाही."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. तीस वर्षांपूर्वीचा एक गैरव्यवहार आज उघडकीस येत होता आणि त्यात ते स्वतः रात्रपाळीचे लाभार्थी होते. दोन दिवस ते फारसं बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "खरी कॅसेट मिळते का बघ."

माझा भाचा नोकरीनिमित्त जपानात असतो. त्यानं तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून अस्सल कॅसेट आणली. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. प्रोग्रॅमची प्रत ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्यानं, ती खराब झाल्यास असावी म्हणून, राखीव प्रत करायला त्यात मुभा आहे. अण्णांनी ते कलम दोनदा वाचलं आणि जपानी पावती फाइलला लावली. त्यातलं एक अक्षर घरात कुणाला वाचता येत नाही, पण पावती ती पावती. कॅसेट कपाटात, आईच्या दागिन्यांच्या रिकाम्या डबीशेजारी. तिची प्रत कॉम्प्युटरात. पुढे मला कळलं की २०१६ साली निंटेंडोनंच तीस जुने खेळ भरलेली एक चिमुकली पेटी विकली आणि तिच्या पोटातही बहुरूपीच होता. म्हणजे खुद्द पोलिसानंच पोलिसाचं सोंग घेतलं होतं. अण्णांना मी हे सांगितलं नाही. एका महिन्यात किती धक्के द्यायचे?

खरा वाद पुढेच होता. या बहुरूप्याजवळ एक अशी विद्या आहे जी मूळ यंत्राजवळ नव्हती. खेळता खेळता कुठल्याही क्षणी 'सेव्ह' म्हणायचं. तो त्या दोन हजार अठ्ठेचाळीस आकड्यांचा आणि यंत्राच्या बाकीच्या अवस्थेचा फोटो काढून ठेवतो. खड्ड्यात पडलात? फोटो परत लावायचा. तुम्ही पडलाच नव्हता!

"आजोबा, मेलात की परत इथून," कन्येनं सोप्या भाषेत समजावलं.

"म्हणजे खाडाखोड," अण्णा म्हणाले.

बँकेत चुकीची नोंद झाली तर ती रबरानं पुसत नाहीत. ती दिसली पाहिजे. खाली उलट नोंद करायची, सही करायची. पुसलेला आकडा म्हणजे खोटा आकडा, मग बेरीज कितीही बरोबर येवो. हा सिद्धांत आम्ही लहानपणी जेवणाबरोबर गिळलेला आहे. कन्येनं तो गिळलेला नसल्यामुळे तिनं प्रतिवाद केला, आणि तो काही लेचापेचा नव्हता. म्हणाली, "गवई एकच तान शंभर वेळा घेतो, ती काय लबाडी? अवघड उडी पुन्हा पुन्हा करून शिकले तर काय बिघडलं? आणि तुमच्या हाताला कंप आहे. वीस वर्षांच्या मुलाचे नियम तुम्हाला लावणं हाच अन्याय नाही का?"

अण्णा बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, "त्याला रियाज म्हण, मैफल म्हणू नको. कच्च्या वहीत काय वाटेल ते खोड. पक्की वही वेगळी."

मग बापलेक-नातीच्या त्रिपक्षीय वाटाघाटी होऊन करार झाला. अर्ध्या तासानं अण्णांचे डोळे थकतात, म्हणून संध्याकाळी उठताना एकदाच सेव्ह. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. बँकही संध्याकाळी बंद होते आणि सकाळी आदल्या दिवसाच्या शिलकेवर उघडते. त्यात काही पाप नाही. पण मागे जायचं नाही. गेलेला जीव गेला. अण्णांनी एक दोनशे पानी वही आणून तीत रकाने आखले: तारीख, जग, मुक्काम, नाणी, जीव. पानाच्या शेवटी 'शिल्लक पुढे'.

पडद्यावर गर्दी झाली की जुन्या यंत्रात चित्रं लुकलुकत. एका आडव्या रेषेत आठाहून जास्त हलती चित्रं त्याला झेपतच नसत. बहुरूप्याला हे संकट नाही, पण तो इमानानं लुकलुकतो. कन्या ते बंद करणार होती. अण्णा म्हणाले, "राहू दे. तसंच होतं." भिकाऱ्याचं सोंग घेतलेल्या बहुरूप्यानं बोटात अंगठी घालून चालत नाही, हे मला तेव्हा पटलं. एखाद्याची हुबेहूब आठवण ठेवायची, तर त्याला काय जमत नव्हतं तेही ठेवावं लागतं. आई गुणगुणताना वरचा सूर नेमका चुकायची. तो सूर बरोबर लावून मला आई आठवताच येत नाही.

चार महिन्यांनी अण्णा पुन्हा त्या शेवटच्या किल्ल्याशी पोचले. जीव शिल्लक: एक.

त्या रात्री मी गुन्हा केला. त्या दोन हजार अठ्ठेचाळीस आकड्यांत एक आकडा 'जीव किती' याचा असतो, आणि बहुरूप्याला सांगून तो बदलता येतो. मी कन्येकडून एकाचे सहा करून घेतले. माझा युक्तिवाद तयार होता. माणूस अठ्ठ्याहत्तरचा, हात थरथरतो, तेहेतीस वर्षं एक राजकन्या राहून गेली आहे. पाच जीव आपल्या हातात असताना द्यायचे नाहीत, हा कुठला धर्म? देता येत असते तर मी आणखी कुठे कुठे दिले नसते!

पण अफरातफर करणाऱ्यानं आधी समोरच्याची वही बघावी. दुसऱ्या दिवशी खेळ उघडल्याबरोबर अण्णांनी पडद्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही. फक्त लिहिलं: 'तफावत – ५.' चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या शाखेचा मॅनेजर कसा घामाघूम होत असेल ते मला समजलं.

"अण्णा, तुम्हाला शेवट दिसावा एवढंच..."

"कळलं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पण मग तो किल्ला तू जिंकलास. मी फक्त बसलो होतो."

कन्या म्हणाली, "आजोबा, कालचं सेव्ह आहे, लगेच परत आणते."

"नको. तीही खाडाखोडच."

आणि अण्णांनी मारिओला नेऊन खाईत उडी मारायला लावली. एकदा. पुन्हा किल्ल्याचं दार, पुन्हा खाई. दोनदा. तीनदा. शांतपणे, एकाही उडीला हात न चुकता, पाच जीव त्यांनी परत केले. दर वेळी खांदे मात्र उचलले जात होते. पाचवा गेल्यावर वहीत लिहिलं, 'उलट नोंद – ५', आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी सही केली. साक्षीदार म्हणून कन्येनं.

मग उरलेल्या एका जिवावर ते खरे खेळले. दोन नळ बरोबर निघाले. तिसरा चुकला, चकव्यानं मागे आणलं, आणि तिथेच संपलं. पहिल्या जगाचा पहिला मुक्काम पुन्हा समोर आला.

मला वाटलं, आता ते उठतील. अण्णांनी वहीचं पान उलटलं, नवे रकाने आखले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चहा टाक. आणि आवाज मोठा कर जरा. त्या वेळी ऐकायचा राहून गेला."